जिद्द सगळ्यांकडेच होती, पण ती कशासाठी धरली होती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "इतिहासात बदल घडवणाऱ्या माणसांबद्दल वाचलं की सगळ्यांमध्ये जिद्द हा एक गुण हमखास सापडतो. मग जिद्द टिकवली की बदल होतोच, असं म्हणायचं का? मी एका सार्वजनिक कामात काही वर्षं आहे आणि यश दिसत नाही. आहे तसंच रेटत राहावं की मार्ग बदलावा, हे त्या लोकांना कसं कळलं असेल?"

मी इतिहास शिकवतो. चरित्रात्मक नोंदी लिहिण्यासाठी जुनी पत्रं, सभांचे वृत्तांत आणि चौकशी समित्यांपुढच्या साक्षी वाचणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्या वाचनातून जे हाती लागलं त्यावरूनच लिहितो. तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग मोठ्या माणसांबद्दल आहे, पण खरी अडचण शेवटच्या वाक्यात आहे. जिद्द असावी हे तुम्हाला मान्यच आहे. ती नेमकी कशाबद्दल असावी, हे कळत नाहीये. माझ्या मते इतिहास या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी देतो, पहिल्याचं मात्र देत नाही.

पहिलं का देत नाही, ते आधी सांगतो. आपण चरित्रं वाचतो ती यशस्वी झालेल्यांची. निवड आधीच झालेली असते. ज्यांनी तितक्याच नेटाने आयुष्य वेचलं आणि ज्यांच्या हाती काही लागलं नाही, त्यांची पत्रं कुणी जपून ठेवली नाहीत, त्यांच्यावर कुणी लिहिलं नाही. त्यामुळे यशस्वी माणसांच्या यादीत जिद्द सगळीकडे दिसते, यावरून जिद्दीमुळेच यश आलं असं सिद्ध होत नाही. शिवाय समोरची बाजूही जिद्दीचीच असते. ब्रिटनमधला गुलामांचा व्यापार बंद व्हायला वीस वर्षं लागली, कारण लिव्हरपूलचे जहाजमालक आणि वेस्ट इंडीजमधले मळेवाले तेवढीच वर्षं चिवटपणे लढत होते. त्यांनी साक्षीदार उभे केले, पत्रकं काढली, संसदेत माणसं बसवली. चिकाटीत ते कुठेही कमी नव्हते.

म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी अशा माणसाकडे बघायला सांगतो, ज्याच्याकडे जिद्द होती, सत्य होतं, आकडेही होते, आणि तरीही त्याच्या हयातीत बदल झाला नाही. इग्नाझ सेमेलवाइस हे नाव तुम्ही ऐकलं असेल. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त होतं. सेमेलवाइसच्या लक्षात आलं की शवविच्छेदन करून आलेले हात तसेच बाळंतिणीच्या तपासणीला जातात. मे १८४७ मध्ये त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये पहिल्या विभागात शंभरातल्या अठरा स्त्रिया दगावल्या होत्या. जूनमध्ये तो आकडा दोनाच्या आसपास आला, जुलैत त्याहूनही खाली.

याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा? पण १८५० मध्ये, नेमणुकीतल्या अटींनी दुखावून, त्याने व्हिएन्ना सोडलं, आणि तेही पाठीशी उभ्या असलेल्या मित्रांना न सांगता. ज्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्याची बाजू मांडली होती ते त्यामुळे दुरावले. आपलं म्हणणं त्याने सविस्तर पुस्तकरूपात मांडलं ते थेट १८६१ मध्ये. त्यावर टीका झाली तेव्हा नावाजलेल्या प्राध्यापकांना उघड पत्रं लिहून त्यांना खुनी ठरवलं. ज्यांच्या वॉर्डात रोज स्त्रिया मरत होत्या त्यांच्याबद्दलचा त्याचा संताप मला समजतो. ती पत्रं वाचताना त्याची तडफड जाणवते. पण त्या पत्रांनी कुणाचे हात धुतले गेले नाहीत. ऑगस्ट १८६५ मध्ये मनोरुग्णालयात तो वारला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी.

त्याच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ला, ग्लासगोत जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकाने गाडीखाली पाय मोडलेल्या एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिड या जंतुनाशकाची पट्टी पहिल्यांदा यशस्वीपणे बांधली. लिस्टरलाही विरोध झाला, चेष्टाही झाली. पण त्याने १८६७ मध्येच आपल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय साप्ताहिकात छापायला सुरुवात केली. बघायला येणाऱ्यांना शस्त्रक्रियागृहाची दारं उघडी ठेवली, विद्यार्थी घडवले, आणि पद्धत सतत बदलत ठेवली. शस्त्रक्रियेच्या वेळी हवेत कार्बोलिकचा फवारा मारायची त्याची पद्धत खूप गाजली होती. पुढे ती निरुपयोगी आहे असं पटल्यावर, १८९० मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत, ती सुचवल्याबद्दल त्याने जाहीरपणे खेद व्यक्त केला. त्याचा हट्ट जखम सडू नये यासाठी होता. फवारा हे त्याने वापरलेलं एक साधन होतं, ते गेलं तरी त्याला चालणार होतं.

आता परिस्थितीचा वाटा मोठा आहे हेही मान्य करायला हवं. लिस्टरला पाश्चरच्या जंतूंवरच्या प्रयोगांचा आधार मिळाला, सेमेलवाइसच्या वेळी तो नव्हता. लिस्टरचा स्वभाव, त्याचं सामाजिक स्थान, त्याचा काळ, सगळंच वेगळं होतं. म्हणून "सेमेलवाइसने गोड बोललं असतं तर जिंकला असता" असं मी म्हणणार नाही. तसं छातीठोकपणे सांगायला इतिहासात जागा नसते. एवढं मात्र दिसतं की दोघांच्या जिद्दीची मात्रा सारखीच होती, रोख मात्र वेगळा होता.

हा रोख ओळखायचा कसा? भाषणांतून तो दिसत नाही, कारण भाषणात सगळेच निर्धाराचे असतात. तो दिसतो त्या माणसाच्या कंटाळवाण्या कामात. माझ्या वाचनातलं याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण थॉमस क्लार्कसनचं आहे, आणि त्याच्याजवळ मी थोडा जास्त रेंगाळणार आहे.

क्लार्कसन केंब्रिजचा विद्यार्थी. १७८५ मध्ये विद्यापीठाच्या लॅटिन निबंधस्पर्धेचा विषय होता: माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणं न्याय्य आहे का? बक्षिसासाठी त्याने वाचायला घेतलं आणि त्या माहितीने त्याची झोप उडाली. बक्षीस मिळालं. ते घेऊन लंडनला जाताना वाटेत घोड्यावरून उतरून तो बसला आणि विचार करू लागला, की निबंधात लिहिलंय ते खरं असेल, तर कुणीतरी हे थांबवायला हवं. हा प्रसंग सगळे सांगतात. मला त्याच्या पुढची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

२२ मे १७८७ला लंडनमध्ये बारा जणांनी गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी समिती स्थापन केली. त्यातले नऊ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. क्लार्कसनकडे काम आलं पुरावे गोळा करण्याचं. तो ब्रिस्टल आणि लिव्हरपूलच्या बंदरांवर गेला, म्हणजे ज्यांचं पोट या धंद्यावर होतं त्यांच्याच गावात. लिव्हरपूलच्या एका दुकानाच्या काचेआड त्याला बेड्या, अंगठे पिळायचा स्क्रू आणि अन्न नाकारणाऱ्या कैद्याचं तोंड जबरदस्तीने उघडायचं एक अवजार दिसलं. ते सगळं त्याने विकत घेतलं आणि पुढे लोकांना दाखवलं. त्याच शहरात धक्क्यावर काही जणांनी त्याला घेरून पाण्यात ढकलायचा प्रयत्न केला. तो त्यांच्यातून वाट काढत निसटला.

पण त्याचं खरं काम होतं जहाजांच्या हजेरीपटांचं. व्यापाराच्या समर्थकांचा एक मुद्दा संसदेत फार चाले: हा धंदा म्हणजे ब्रिटिश नौदलाची शाळा आहे, इथे खलाशी तयार होतात, धंदा बंद केला तर देशाचं संरक्षण दुबळं होईल. आफ्रिकी माणसांच्या दुःखाने न हलणारा खासदारसुद्धा या मुद्द्यावर हलायचा. क्लार्कसनने या मुद्द्याला नैतिक उत्तर देत बसण्याऐवजी हजेरीपट काढले. कोणत्या जहाजावर किती खलाशी चढले, किती परतले, किती वाटेत मेले, किती पळून गेले, हे नावानिशी, जहाजामागून जहाज, हजारो खलाशांच्या बाबतीत त्याने मांडलं. निष्कर्ष उलटा निघाला. या धंद्यात खलाशी तयार होत नव्हते, तिथे ते इतर सागरी व्यापारांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात मरत होते. विरोधकाच्या हातातलं सगळ्यात मजबूत शस्त्र त्याने बंदराच्या कचेरीतल्या वह्यांतून बोथट केलं.

दुसरा प्रसंग त्याच माणसाचा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम "विकत" घेतले जातात, पकडले जात नाहीत, असा दावा होता. नदीतून आत जाऊन गावांवर घातलेल्या छाप्यात सामील असलेला एक खलाशी साक्ष देऊ शकेल, असं क्लार्कसनला कुणीतरी सांगितलं. त्या खलाशाचं नाव सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं. तो आता नौदलाच्या एखाद्या जहाजावर असावा, एवढाच धागा. क्लार्कसनने एकेक बंदर पालथं घातलं, नांगरलेल्या एकेका जहाजावर चढून विचारपूस केली. शेवटी प्लिमथला तो माणूस सापडला. आयझॅक पार्कर त्याचं नाव. १७९० मध्ये त्याने संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली.

आता संसदेतला हिशेब बघा. चळवळीची बाजू संसदेत मांडणाऱ्या खासदार विल्यम विल्बरफोर्सचा पहिला प्रस्ताव १७९१ मध्ये १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला. पुढच्या वर्षी बंदी मान्य झाली, पण "हळूहळू" हा एक शब्द घालून, म्हणजे प्रत्यक्षात काहीच नाही. १७९६ मध्ये प्रस्ताव अवघ्या चार मतांनी पडला, ७४ विरुद्ध ७०. त्या रात्री काही समर्थक नवा ऑपेरा बघायला गेले होते. अशा पराभवानंतर माणूस एकतर हातपाय गाळतो किंवा तोच प्रस्ताव जास्त मोठ्या आवाजात मांडतो. काही वर्षं त्यांनी दुसरं करून बघितलंही.

१८०६ मध्ये जेम्स स्टीफन या वकिलाच्या डोक्यातून वेगळी युक्ती निघाली. फ्रान्सशी युद्ध चालू होतं. तेव्हा पूर्ण बंदी मागायचीच नाही. फक्त एवढा कायदा आणायचा की ब्रिटिश नागरिकांनी शत्रूच्या आणि परक्या वसाहतींना गुलाम पुरवू नयेत. शत्रूला मदत करू नका, याला विरोध कोण करणार? विल्बरफोर्स आणि त्याचे साथीदार या चर्चेत मुद्दाम मागे राहिले. कायदा झाला आणि त्या व्यापाराचा मोठा हिस्सा एका फटक्यात बेकायदा ठरला. उरलेल्या धंद्याचं रक्षण करण्याइतका पैसा आणि जोर विरोधकांकडे राहिला नाही. १८०७ मध्ये पूर्ण बंदीचं विधेयक २८३ विरुद्ध १६ मतांनी मंजूर झालं.

ज्या माणसाने जवळपास वीस वर्षं माणुसकीच्या नावाने भाषणं केली, त्याने निर्णायक क्षणी गप्प बसायचं ठरवलं. माझ्या लेखी हा विल्बरफोर्सच्या निर्धाराचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. श्रेय आपल्या भाषणाला मिळावं असं त्याला वाटत असतं तर त्या दिवशी तो गप्प राहिलाच नसता.

मध्येच एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या मजकुरात थकवा जाणवला. क्लार्कसन या सगळ्या वर्षांत सलग काम करत नव्हता. १७९४ मध्ये त्याची तब्येत पूर्ण ढासळली, पैसा संपला, आणि तो चळवळीतून बाजूला झाला. डोंगराळ भागात जमीन घेऊन त्याने शेती केली, लग्न केलं, लेखन केलं. सुमारे दहा वर्षांनी वारं फिरलं तेव्हा तो परत घोड्यावर बसला आणि जुने साक्षीदार शोधू लागला. तो नसताना समितीचं काम काही वर्षं थंडावलं, पण चळवळ मेली नाही, संसदेत विल्बरफोर्सचे प्रस्ताव येत राहिले. चरित्रांतून ही दहा वर्षं दोन ओळींत उरकली जातात आणि वाचणाऱ्याला वाटतं की मोठी माणसं कधी थांबतच नाहीत. थांबतात. फरक एवढाच की ते थांबल्यावर काम पुढे नेणारी माणसं आधीच जमलेली असतात.

आता आपल्या जवळचं उदाहरण घेतो, कारण मार्ग बदलण्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. २ मार्च १९३०ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षं चालला. लोकांनी मार खाल्ला, तुरुंगवास भोगला. दादासाहेब गायकवाड तिथली आघाडी सांभाळत होते. १९३४ मध्ये येत्या रामनवमीला सत्याग्रह पुन्हा सुरू करावा का, असं त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना विचारलं. मार्च १९३४चं बाबासाहेबांचं उत्तर उपलब्ध आहे. त्यांनी कळवलं की आता तो नुसता पुढे ढकलू नये, बंदच करावा. सत्याग्रहाच्या जनकानेच असं सांगणं लोकांना चमत्कारिक वाटेल, हेही त्यांनी त्यात मान्य केलं. कारण असं दिलं की हा सत्याग्रह अस्पृश्यांना मूर्तिपूजक करण्यासाठी नव्हताच. लोकांना जागं करण्याचा, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव देण्याचा तो सर्वोत्तम मार्ग वाटला म्हणून तो केला. ते काम झालं. आता शक्ती शिक्षणावर आणि राजकारणावर लावावी.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३५ मध्ये, येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला दीक्षा. वरवर बघणाऱ्याला यात धरसोड दिसेल: पाणवठ्याचा लढा, मग मंदिराचा, मग कायदेमंडळ, मग धर्मांतर. पण महाडच्या तळ्यापासून दीक्षाभूमीपर्यंत मागणी एकच आहे, ती म्हणजे माणूस म्हणून समान दर्जा. त्या मागणीत तसूभर तडजोड नाही. साधनं मात्र त्यांनी एकेक तपासली आणि ज्यांचं काम संपलं ती बाजूला ठेवली.

महर्षी कर्व्यांबाबतीतही हेच दिसतं. १८९३ मध्ये त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला, बहिष्कार सोसला, विधवाविवाहासाठी मंडळी काढली. मग लक्षात आलं की या वाटेने फार थोड्या स्त्रियांपर्यंत पोहोचता येतंय. १८९६ मध्ये त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी आश्रम काढला, आणि पालकांनी मुली पाठवाव्यात म्हणून आश्रमाचं काम विधवाविवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने वेगळं ठेवलं. कडव्या सुधारकांनी याला कच खाणं म्हटलं. त्याच वाटेवर पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं.

मंडेलांचं १९८५ हे वर्षही असंच बघण्यासारखं आहे. जानेवारीत दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष बोथांनी जाहीर केलं की मंडेलांनी हिंसेचा मार्ग बिनशर्त सोडला तर त्यांची सुटका करू. वीस वर्षांहून जास्त तुरुंगात काढलेल्या माणसाने ते नाकारलं. फेब्रुवारीत सोवेटोच्या मैदानावर त्यांच्या मुलीने, झिंझीने, तो नकार वाचून दाखवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मंडेला शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात असताना न्यायमंत्री कोबी कुत्सी त्यांना भेटायला आले. तिथून पुढे मंडेलांनी सरकारशी बोलणी सुरू करायचं ठरवलं, आणि सुरुवातीला स्वतःच्या तुरुंगातल्या सोबत्यांनाही त्याचा पत्ता लागू दिला नाही. एका वर्षात टोकाचा नकार आणि संवादाची सुरुवात, दोन्ही. सुटका हे उद्दिष्ट असतं तर जानेवारीतच होकार आला असता. उद्दिष्ट सर्वांना समान मताधिकार हे होतं, म्हणून जो प्रस्ताव त्यापासून दूर नेत होता तो नाकारला आणि जी वाट तिकडे जाऊ शकत होती ती पकडली.

तुम्ही लिहिता ते वाचून वाटलं की तुमच्या मनात "एकटा निर्धाराने उभा राहिलेला माणूस" असं चित्र आहे. हे चित्र बहुतेक वेळा नंतर रंगवलेलं असतं. १ डिसेंबर १९५५ला अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीत गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सची गोष्ट दमलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या अचानक निर्धाराची म्हणून सांगतात. त्या दिवशीचं धैर्य त्यांचंच होतं, त्याला कुणी कमी लेखू नये. पण त्या १९४३ पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेत काम करत होत्या. १९५५ च्याच मार्चमध्ये क्लॉडेट कोल्विन या शाळकरी मुलीने तेच केलं होतं आणि तिलाही अटक झाली होती. जो ॲन रॉबिन्सन यांच्या महिला संघटनेने १९५४ मध्येच महापौरांना बसवर बहिष्काराचा इशारा देणारं पत्र पाठवलं होतं. पार्क्सना अटक झाली त्या रात्री रॉबिन्सन कॉलेजातल्या मशीनवर हजारो पत्रकं छापत बसल्या.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. इतके दिवस लोक कामावर गेले कसे? शेकडो मोटारींची जाळी उभी केली, चढायच्या-उतरायच्या जागा ठरवल्या, वेळापत्रकं केली. दोन वर्षांपूर्वी बॅटन रूजमध्ये असाच बहिष्कार झाला होता, तिथल्या लोकांना विचारून ही व्यवस्था बसवली. चर्चच्या गाड्यांचा विमा एकामागून एक रद्द होऊ लागला तेव्हा थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. जिद्द टिकवायची तर विम्याचे कागद लागतात, हे कुणी भाषणात सांगत नाही. पण रोज पहाटे कामावर जाणाऱ्या बाईला कुणीतरी वेळेवर गाडी आणून देतंय, म्हणून तिची जिद्द टिकते.

काही वेळा हे सगळं असूनही एक आयुष्य पुरत नाही. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सच्या सभेत स्त्रियांना मताधिकार मागणाऱ्या जाहीरनाम्यावर शंभर जणांनी सह्या केल्या. अमेरिकेच्या संविधानात तो हक्क १९२० मध्ये आला. सह्या करणाऱ्यांपैकी तो दिवस बघायला एकटी शार्लट वुडवर्ड हयात होती. या चळवळीच्या नेत्या सुझन अँथनी १९०६ मध्येच गेल्या होत्या. म्हणून "किती वर्षं द्यावीत" याचं सरसकट उत्तर मी देऊ शकत नाही. कायदा बदलायचा असेल तर एक हिशेब, लोकांची सवय बदलायची असेल तर दुसरा. विरोधकाचं पोट त्यावर असेल तर आणखी वेगळा.

आणि एक इशारा द्यायलाच हवा. निर्धार हा आपण बरोबर असल्याचा पुरावा नाही. त्रोफिम लिसेन्को या कृषितज्ज्ञाने आनुवंशिकीला सोव्हिएत शेतीतून हद्दपार करण्याचा पिच्छा वर्षानुवर्षं पुरवला, सत्तेचा हात धरला आणि १९४८ मध्ये ते साधलंही. निकोलाय वाव्हिलोव्हसारखा जगभर बियाणं गोळा करत फिरलेला शास्त्रज्ञ त्या आधीच, १९४३ मध्ये, तुरुंगात मेला होता. लिसेन्कोनेही "बदल घडवला". त्याच्यात आणि लिस्टरमध्ये चिकाटीचा फरक नाही. पुरावा उलटा गेला तर लिस्टर थांबत होता, लिसेन्को पुरावा देणाऱ्याला थांबवत होता.

थोडक्यात, माझ्या वाचनातून मला असं दिसतं: या माणसांनी ध्येयाला घट्ट धरलं, साधनाला सैल. विरोधकाचा सगळ्यात मजबूत मुद्दा शोधून त्यावर कंटाळवाणं काम केलं. आपण नसलो तरी चालेल अशी माणसं जमवली. आणि वारं फिरलं तेव्हा ते तयार होते. वारं फिरवणं त्यांच्याही हातात नव्हतं.

आता तुमच्या कामाकडे. त्याचा तपशील तुम्ही लिहिलेला नाही, त्यामुळे "सोडा" किंवा "धरा" असं मी सांगणार नाही. चार गोष्टी मात्र कागदावर लिहा. एक, तुमची मागणी एका वाक्यात, आणि त्या वाक्यात तुमच्या सध्याच्या पद्धतीचं नाव येता कामा नये. पद्धत काढल्यावर वाक्य उरतच नसेल तर तुम्ही साधनाला चिकटला आहात. दोन, विरोध करणारे दोन वर्षांपूर्वी काय म्हणत होते आणि आज काय म्हणतात. त्यांचा युक्तिवाद बदलला असेल, तर प्रस्ताव पडला तरी काम पुढे सरकतंय. १७९२ मध्ये "हळूहळू" हा शब्द आला याचा अर्थ "कधीच नाही" म्हणणं अशक्य झालं होतं. तीन, त्यांचा जो मुद्दा ऐकून तुमच्या बाजूची माणसंसुद्धा गप्प होतात तो मुद्दा, आणि तो तपासायला कोणत्या वह्या, कोणते आकडे लागतील. चार, तुम्ही सहा महिने बाजूला झालात तर काम कोण चालवेल, त्यांची नावं.

चौथ्या ओळीत एकही नाव आलं नाही, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तिथून सुरुवात करा. पहिल्या तीन ओळी इथे लिहिल्यात तर त्यावर मी नक्की सविस्तर बोलेन. विशेषतः तिसरी लिहा, कारण पुढचा मार्ग बहुधा तिच्यातच दिसतो.